दिलासा न मागणारी कविता: समकालीन ब्रिटिश काव्यातील मृत्यू, निसर्ग आणि सौंदर्य

इंग्रजी कवितेत मृत्यू आणि निसर्ग यांची सांगड फार जुनी आहे, आणि बराच काळ ती एका ठरलेल्या रीतीने घातली जात असे. माणूस जातो, कवी त्याचा शोक करतो, त्या शोकात नद्या, झाडे, फुले सामील होतात. पुढे हिवाळा सरतो, पालवी फुटते आणि त्या ऋतुचक्राच्या आधाराने मागे राहिलेला माणूस सावरतो. ग्रीक मेंढपाळगीतांतून आलेली विलापिकेची ही रीत मिल्टनने पाळली, कीट्सच्या मृत्यूवर लिहिताना शेलीनेही पाळली. टेनिसनच्या ‘इन मेमोरियम’मध्ये (१८५०) तिला मोठा तडा गेला. खडकांच्या थरांत सापडणाऱ्या जीवाश्मांनी एकोणिसाव्या शतकाला दाखवून दिले होते की निसर्गाला एका जिवाचीच काय, अख्ख्या जातीचीही फिकीर नसते. टॉमस हार्डीने पत्नी वारल्यावर १९१२-१३ मध्ये लिहिलेल्या कवितांत कॉर्नवॉलचे कडे आणि समुद्र जसेच्या तसे उभे आहेत. जिच्यामुळे त्यांना अर्थ होता ती बाई मात्र नाही, आणि त्या कड्यांना त्याचे काही सोयरसुतक नाही.

समकालीन ब्रिटिश कविता इथून पुढे चालते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढ्यांनी निसर्गाकडे दिलासा मागणे हळूहळू सोडून दिले. आधी निसर्ग बेफिकीर वाटत होता. नंतर तोही मरतो आहे, हे ध्यानात आले. १९७०पासून ब्रिटनच्या शेतशिवारातील पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली आहे. ज्या चंडोलाच्या गाण्यातून शेलीला देहापलीकडचा आनंद ऐकू आला, तो चंडोल आज त्या देशातील धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. शोक करणाऱ्याला आधार देणारा निसर्गच शोकाचा विषय झाला, तर कवितेत सौंदर्य उरते कुठे? या काळातील थोर कवींनी दिलेले उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. ते सौंदर्य नेमके पाहण्यात आणि गेलेल्याचे, जात असलेल्याचे नाव अचूक घेण्यात आहे.

मराठी वाचकाची इंग्रजी कवितेशी ओळख बहुधा वर्ड्सवर्थ, शेली, कीट्स यांच्यामार्फत झालेली असते. केशवसुतांपासूनच्या कवींनी हीच परंपरा वाचली, आणि महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांनी ती पुढे टिकवली. त्यामुळे इंग्रजी निसर्गकविता म्हटले की डोंगरउतारावरची पिवळी फुले आणि एकांतातला कवी, हे चित्र पक्के झाले आहे. गेल्या साठ वर्षांतील कविता त्या चित्रापासून किती दूर गेली, हे ध्यानात घेतल्याखेरीज तिची किंमत कळत नाही.

फिलिप लार्किन (१९२२-१९८५) यांच्यापासून सुरुवात करणे भाग आहे. १९५५पासून अखेरपर्यंत ते हल विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. त्यांची ‘ओबाद’ ही कविता डिसेंबर १९७७ मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये छापून आली. पहाटे एकमेकांचा निरोप घेणाऱ्या प्रेमिकांचा हा जुना गीतप्रकार. लार्किन यांनी तो एकट्या माणसाच्या मरणभयासाठी वापरला. माणूस अंधारात जागा होतो आणि आपण नाहीसे होणार, या एका गोष्टीकडे टक लावून पाहतो. धर्माने दिलेले आश्वासन त्याला खोटे वाटते, आणि जे जाणवणारच नाही त्याची भीती कशाला, हा तत्त्वज्ञांचा युक्तिवादही पटत नाही. जाणीवच नसणे हीच तर त्याची भीती आहे. शेवटी उजाडते, लोक कामाला लागतात. यापलीकडे कविता काही देऊ करत नाही. तरीही ती पुन्हा पुन्हा वाचली जाते, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. दहा ओळींची पाच कडवी, काटेकोर यमके, आणि त्या चौकटीत बोलल्यासारखी चालणारी वाक्ये. आशय सगळा आधार काढून घेत असताना रचना मात्र कुठेही ढळत नाही. या कवितेचे सौंदर्य त्या न ढळण्यात आहे.

लार्किन यांना निसर्गकवी कुणी म्हणत नाही, पण १९७९ मध्ये त्यांनी लिहिलेली ‘द मोअर’ ही छोटी कविता या विषयाच्या गाभ्याशी जाते. घराच्या बागेत गवत कापताना यंत्राच्या पात्यांत एक हेजहॉग सापडून मेला. काटेरी अंगाचा हा लहानसा निरुपद्रवी प्राणी त्यांनी आधी पाहिलेला होता, त्याला खाऊही घातले होते. कवितेत या घटनेला कोणतेही रूपक जोडलेले नाही. आपल्या हातून एक जीव गेला आणि दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता, एवढेच घडते. मग एकमेकांशी जपून, मायेने वागण्याबद्दल दोन साधी वाक्ये येतात. त्याआधी १९७२ मध्ये पर्यावरण खात्याने मागून घेतलेली ‘गोइंग, गोइंग’ ही त्यांची कविता काँक्रीटखाली जाणाऱ्या इंग्लंडबद्दल होती. सरकारी अहवालात ती छापताना व्यापाऱ्यांवर टीका करणारा भाग गाळण्यात आला.

टेड ह्यूज (१९३०-१९९८) हे लार्किन यांचे दुसरे टोक मानले जातात. यॉर्कशरच्या मिथमरॉइडमध्ये जन्मलेल्या ह्यूज यांच्या ‘द हॉक इन द रेन’ (१९५७) आणि ‘लूपरकल’ (१९६०) या संग्रहांनी इंग्रजी निसर्गकवितेतला सौम्यपणा घालवला. त्यांचे ससाणे आणि मासे सुंदर आहेत ते मारण्यासाठी घडलेले आहेत म्हणून. ‘क्रो’ (१९७०) या संग्रहात त्यांनी कावळ्याभोवती एक काळीकुट्ट पुराणकथा रचली. तिचा गवगवा फार झाला. ह्यूज यांचे खरे मोठेपण मात्र तिथे नाही, ते डेव्हनमधील त्यांच्या शेतावरच्या नोंदींत आहे.

सत्तरच्या दशकात ह्यूज सासऱ्यांच्या जोडीने मूरटाउन येथे गुरे आणि मेंढ्या पाळत होते. दिवसभराचे काम उरकल्यावर त्याच दिवशी घडलेले टिपून ठेवायचे, असा त्यांचा नेम होता. उशीर झाला किंवा पुढे सुधारायला बसले की त्या क्षणाचा जिवंतपणा जातो, असा त्यांचा अनुभव होता. ‘मूरटाउन डायरी’ या नावाने १९८९ मध्ये स्वतंत्रपणे आलेल्या या कवितांत १७ फेब्रुवारीची एक नोंद आहे. मेंढी अडली आहे. कोकराचे डोके बाहेर आले आहे, पाय आत अडकले आहेत, आणि गळा आवळून ते मेले आहे. मेंढीला वाचवायचे तर एकच उपाय उरतो: कोकराचे मुंडके कापायचे आणि आत हात घालून धड ओढून काढायचे. कविता हे सगळे क्रमाने सांगते. चिकट स्राव, थंड माती, कण्हणारी मेंढी यांतले काहीही गाळलेले नाही आणि कशावरही हळहळ व्यक्त केलेली नाही. जन्म आणि मरण एकाच जागी, एकाच वेळी, हातांच्या कामातून दिसतात. शेतकऱ्याच्या घरात हे दृश्य नवे नाही. इंग्रजी कवितेत ते इतक्या जवळून आधी आलेले नव्हते. लार्किन यांनी नाकारलेले राजकवीपद ह्यूज यांनी १९८४ मध्ये स्वीकारले, आणि पश्चिम इंग्लंडच्या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध अखेरपर्यंत आवाज उठवला. पहिली पत्नी, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांनी १९६३ मध्ये आत्महत्या केली होती. प्लाथ यांना उद्देशून लिहिलेल्या कवितांचा ‘बर्थडे लेटर्स’ हा संग्रह १९९८ मध्ये, ह्यूज यांच्या स्वतःच्या मृत्यूआधी काही महिने आला.

उत्तर आयर्लंडकडे वळताना आधी एक खुलासा हवा. १९८२ च्या पेंग्विनच्या समकालीन ब्रिटिश कवितासंग्रहात शेमस हीनी यांना मानाचे स्थान दिले होते. १९८३ मध्ये त्यांनी पद्यात लिहिलेल्या खुल्या पत्रातून ‘ब्रिटिश’ हे बिरुद नाकारले. त्यांचा हा आक्षेप मानूनच त्यांच्याविषयी बोलले पाहिजे; पण त्यांना वगळले तर सौंदर्य आणि मृत्यू यांच्यातला सर्वांत कठीण नैतिक प्रश्नच बाजूला राहील. दलदलीत हजारो वर्षे टिकून राहिलेल्या, बळी दिलेल्या माणसांच्या देहांवर हीनी यांनी ‘नॉर्थ’ (१९७५) मध्ये कविता लिहिल्या, आणि त्या देहांच्या काळ्या, गुळगुळीत सौंदर्यापाशी थांबून आपण हिंसेला शोभा तर देत नाही ना, असा प्रश्न स्वतःलाच केला. १९७५ मध्ये त्यांच्या एका चुलतभावाचा खून झाला. त्याच्यावरच्या विलापिकेत त्यांनी सरोवराकाठचे शेवाळ आणि दव वापरून त्याचे कलेवर धुतले होते, जुन्या रीतीप्रमाणे. पुढे ‘स्टेशन आयलंड’ (१९८४) या दीर्घकवितेत त्याच भावाचे भूत कवीला भेटते आणि जाब विचारते: माझ्या खुनाची कुरूपता तू सुंदर शब्दांनी झाकलीस. स्वतःच्याच एका चांगल्या कवितेवर कवीने असा खटला भरल्याची उदाहरणे कमी आहेत. त्यानंतरच्या विलापिका या आरोपाकडे पाठ फिरवून लिहिता आल्या नाहीत.

बेलफास्टचे मायकल लाँगली (१९३९-२०२५) यांनी या आरोपाला एक उत्तर शोधले. बेलफास्टच्या लिझबर्न रोडवर आइस्क्रीमच्या दुकानात एका माणसाचा खून झाला. लाँगली यांच्या धाकट्या मुलीला त्या दुकानातील आइस्क्रीमचे प्रकार तोंडपाठ होते. तिने स्वतः फुले विकत घेऊन दुकानाबाहेर ठेवली. त्यावरच्या लाँगली यांच्या कवितेत आधी आइस्क्रीमची काही नावे येतात, मग खून आणि ती फुले, आणि उरलेल्या ओळींत पश्चिमेकडील बरेन या चुनखडीच्या पठारावर कवीने एका दिवसात पाहिलेल्या रानफुलांची नुसती नावे. कविता तिथेच संपते. फुले मेलेल्या माणसाला परत आणत नाहीत, त्याच्या मरणाचा अर्थ सांगत नाहीत, खुन्यांना क्षमाही करत नाहीत. मुलाने आइस्क्रीमची नावे म्हणावीत तशी कवी फुलांची नावे म्हणतो, आणि शोकाच्या घरी जाऊन हातात काहीतरी ठेवावे, तसे ते होते. पुढे त्या माणसाच्या आईने कवीला आभाराचे पत्र लिहिले. कवितेतील फुले एकवीस आणि दुकानातील आइस्क्रीमचे प्रकारही एकवीस, हे तिच्या लक्षात आले होते. निसर्ग, मृत्यू आणि सौंदर्य यांचा इतका थोडक्या जागेत, इतका प्रामाणिक मेळ या काळात क्वचितच कुणी घातला असेल.

घरातल्या मरणावरच्या कविता हा या काळातील सर्वांत भरघोस प्रवाह आहे. स्कॉटलंडचे डग्लस डन यांनी १९८१ मध्ये कर्करोगाने वारलेल्या पत्नीवर लिहिलेला ‘एलिजीज’ (१९८५) आणि ख्रिस्तोफर रीड यांचा ‘अ स्कॅटरिंग’ (२००९) हे दोन्ही संग्रह एका मोठ्या ब्रिटिश साहित्य-पुरस्कारात त्या त्या वर्षीचे सर्वोत्तम पुस्तक ठरले, कादंबऱ्यांनाही मागे टाकून. रीड यांच्या शीर्षककवितेत हत्ती आहेत. आपल्या जातीची हाडे वाटेत दिसली की हत्ती ती सोंडेने उचलतात, इकडेतिकडे मांडतात. विधी आहे, पण त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. पत्नीच्या आठवणी मांडणारा कवी तेच करतो आहे. वेल्समधील धर्मोपदेशक आणि निष्णात पक्षीनिरीक्षक आर. एस. टॉमस (१९१३-२०००) यांनी पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारानंतर पत्नी गेली तेव्हा ‘अ मॅरेज’ ही अगदी लहान कविता लिहिली. तिच्यात सारा संसार पक्ष्याच्या उडण्याइतक्या थोड्या अवधीत मावतो. टॉम गन यांचा ‘द मॅन विथ नाइट स्वेट्स’ (१९९२) हा संग्रह सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने गेलेल्या मित्रांचा आहे, आणि त्यातही लार्किन यांच्यासारखेच कडक छंदोबंधन शोकाला तोलून धरते.

या प्रवाहात सर्वांत पुढे गेल्या त्या डेनीझ रायली. २००८ मध्ये त्यांचा तरुण मुलगा अचानक वारला. ‘अ पार्ट साँग’ ही त्यांची वीस भागांची कविता २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे ‘से समथिंग बॅक’ (२०१६) या संग्रहात आली. विलापिकेने आजवर वापरलेले सगळे सूर रायली एकेक करून लावून पाहतात: बालगीत, चर्चमधली प्रार्थना, लाडिक रागावणे, पुराणकथा. प्रत्येक सुराचा खोटेपणा त्यांना लगेच ऐकू येतो, आणि तरी त्या थांबत नाहीत, कारण गप्प बसणे म्हणजे मुलाला सोडून देणे. याच काळात लिहिलेल्या ‘टाइम लिव्ह्ड, विदाउट इट्स फ्लो’ या गद्य पुस्तिकेत त्यांनी मूल गेलेल्या आईसाठी काळ वाहायचा थांबतो, या अनुभवाची तपासणी केली. शोकातून बाहेर पडण्याचा सल्ला देणाऱ्या जगाला त्यांनी दिलेला नकार हे गेल्या वीस वर्षांतील इंग्रजी कवितेचे मोठे काम आहे.

स्वतःच्या मरणाकडे पाहून लिहिलेल्या कविता वेगळ्या. पीटर रीडिंग यांनी ‘सी’ (१९८४) मध्ये शंभर शब्दांचा एक असे शंभर तुकडे रचून कर्करोगापुढे कवितेची सारी कारागिरी कशी लंगडी पडते, ते दाखवले. जो शॅपकॉट यांना २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. ‘ऑफ म्यूटॅबिलिटी’ (२०१०) या संग्रहात त्यांनी त्या रोगाचे नाव कुठेही घेतलेले नाही. आहे ते बदलणाऱ्या पेशींचे, पाण्याचे, हवेत विरघळत जाणाऱ्या शरीराचे वर्णन. शरीर हाच इथला निसर्ग आहे. हेलन डनमोर यांचा ‘इनसाइड द वेव्ह’ एप्रिल २०१७ मध्ये आला. जून २०१७ मध्ये त्या गेल्या. मृत्यूच्या काही दिवस आधी लिहिलेली त्यांची शेवटची कविता मृत्यूला आईसारखी हाक मारते. या हाकेत दिलासा आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि तो खराही वाटतो, कारण रुग्णशय्येवरचे कष्ट संग्रहाने आधी लपवलेले नाहीत.

अ‍ॅलिस ऑस्वल्ड (जन्म १९६६) यांच्यापाशी अधिक थांबायला हवे. त्यांनी ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिनचा अभ्यास केला आणि नंतर माळीकाम केले. या दोन्ही कामांचा ठसा त्यांच्या कवितेवर आहे. डार्ट ही डेव्हनमधील नदी डार्टमूरच्या माळावर उगम पावून समुद्राला मिळते. तिच्याकाठी राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांशी ऑस्वल्ड तीन वर्षे बोलल्या, ते बोलणे ध्वनिमुद्रित केले, आणि त्यातून ‘डार्ट’ (२००२) हे एकाच कवितेचे पुस्तक झाले. चालत जाणारा म्हातारा, चोरून मासे मारणारा, सांडपाणी शुद्ध करणारा कामगार, नावा बांधणारा, असे आवाज एकमेकांत मिसळत जातात आणि शेवटी बोलते ती नदी. कवीचा ‘मी’ यात जवळजवळ नाहीच. डार्ट दरवर्षी एक बळी घेते, अशी तिथली जुनी समजूत आहे, आणि या पुस्तकात बुडालेले लोकही बोलतात. वर्ड्सवर्थच्या नदीकाठी एक कवी उभा असे. ऑस्वल्ड यांच्या नदीकाठी अख्खे गाव काम करते.

‘मेमोरियल’ (२०११) मध्ये त्यांनी होमरच्या ‘इलियड’मधून गोष्टच काढून टाकली. अकिलीसचा क्रोध, देवांचे डाव, सेनापतींची भाषणे गेली. उरले दोन घटक: युद्धात मेलेल्या सैनिकांचे मृत्यू आणि होमरच्या निसर्गातल्या उपमा. पुस्तक सुरू होते ते दोनशेहून अधिक मृतांच्या नुसत्या नावांनी, पानामागून पान, गावच्या वेशीवरच्या युद्धस्मारकावर कोरल्यासारख्या. मग एकेकाचे मरण थोडक्यात येते. बाप कोण होता, गाव कोणते, भाला कुठे लागला. त्यानंतर पाने, वारा, माशा, बर्फ यांची उपमा, आणि बऱ्याचदा तीच उपमा लगेच दुसऱ्यांदा. ही पुनरुक्ती वाचताना आधी अडते. मोठ्याने वाचले की कळते: मयताच्या घरी एका बाईने सूर धरावा आणि दुसरीने तोच उचलावा, तसा तो विलाप आहे. उपमा मृत्यूची भरपाई करत नाही. पान गळते, माणूस मरतो, दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या जातात. २०१९ ते २०२३ या काळात ऑस्वल्ड ऑक्सफर्डला कवितेच्या प्राध्यापक होत्या. ते पद प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

स्कॉटलंडच्या कॅथलीन जेमी (जन्म १९६२) यांनी निसर्ग कशाला म्हणायचे, हाच प्रश्न उलटा केला. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी डंडीच्या नाइनवेल्स रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे आणि जंतूंचे नमुने पाहिले. ‘साइटलाइन्स’ (२०१२) या गद्य पुस्तकात तो अनुभव आहे. काचपट्टीवर दिसलेल्या पेशींत त्यांना खाड्या, बेटे, कुरणे दिसली. पाणमांजरे आणि रानफुले तेवढी निसर्ग, आणि यकृतातली गाठ निसर्गाबाहेरची, असे म्हणता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. जेमी यांच्या ‘द ट्री हाउस’ (२००४) आणि ‘द ओव्हरहॉल’ (२०१२) या संग्रहांतील कविता लहान, संयमित, स्कॉट बोलीतले शब्द सहज वापरणाऱ्या आहेत. एकटा पुरुष निर्जन डोंगरात जाऊन भारावतो, या लेखनाच्या साच्यावर त्यांनी २००८ मध्ये कठोर टीका केली. ज्याला निर्जन म्हणतात तिथे माणसे राहत होती आणि हुसकावली गेली, हा त्यांचा मुद्दा स्कॉटलंडच्या इतिहासाला धरूनच आहे.

हा निसर्ग कुणाचा, हा प्रश्न पुढच्या पिढीने आणखी ताणला. जमैकात वाढलेले जेसन अ‍ॅलन-पेझंट यांच्या ‘थिंकिंग विथ ट्रीज’ (२०२१) मध्ये लीड्सच्या झाडीत फिरणारा काळा माणूस आहे. झाडांखाली निवांत फिरणे हा त्याच्यासाठी सहज मिळालेला हक्क नाही, कारण त्याच्या पूर्वजांना जमीन ठाऊक होती ती मळ्यावरच्या कष्टांची. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले, काश्मिरी वडिलांचे पुत्र झफर कुनियाल यांचा ‘इंग्लंड्स ग्रीन’ (२०२२) इंग्रजी फुलझाडांत स्वतःची जागा शोधतो. पास्कल पेती यांनी ‘टायगर गर्ल’ (२०२०) मध्ये भारतीय वंशाची आजी आणि मध्य भारतातील वाघांची जंगले एकत्र आणली. शिकारी टोळ्यांनी मारलेल्या वाघांचे त्यांचे वर्णन अंगावर येते. मुंबई आणि लंडन ही दोन्ही शहरे ज्यांच्या आयुष्यात आहेत त्या इम्तियाज धारकर यांनी पतीच्या निधनानंतरच्या ‘ओव्हर द मून’ (२०१४) मध्ये शोकाला शहराच्या गजबजाटात ठेवले. रॉजर रॉबिन्सन यांच्या ‘अ पोर्टेबल पॅराडाइज’चा (२०१९) सुरुवातीचा भाग लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत गेलेल्या ७२ जणांविषयी आहे, आणि त्या आगीशेजारीच खिशात जपून न्यावा अशा एका हिरव्या स्वर्गाची कल्पना आहे.

राजकवी सायमन आर्मिटेज यांची ‘लॉकडाउन’ ही मार्च २०२० मधली कविता मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी. ती सुरू होते डर्बीशरमधील ईम या गावापासून. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये या गावाने साथ बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेतले होते. तिथून कविता स्वप्नासारखी सरकत कालिदासाच्या ‘मेघदूता’त शिरते: हद्दपार झालेला यक्ष, ढगाकरवी पत्नीला धाडलेला निरोप, आणि वाटेत त्या ढगाला दिसणारी भूमी. मेघदूतातला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, अशी आपल्याकडची परंपरा आहे. एका इंग्रज कवीला साथीच्या पहिल्याच महिन्यात विरहाची आणि धीराची भाषा कालिदासापाशी सापडली. आर्मिटेज यांनी राजकवीपदाच्या मानधनातून निसर्ग आणि पर्यावरणविषयक कवितासंग्रहांसाठी लॉरेल पारितोषिकही सुरू केले. २०२० चे पहिले पारितोषिक पेती यांच्या ‘मामा अ‍ॅमेझोनिका’ला मिळाले.

या पारितोषिकाने एक धोकाही वाढवला आहे. हवामानबदलावरच्या बऱ्याच कविता आता विषयाच्या निकडीवर विसंबून राहतात. हिमनदी वितळते, कवी दुःखी होतो, वाचक मान डोलावतो आणि कुणालाच काही नवे दिसलेले नसते. सगळ्या पृथ्वीचा शोक एका कवितेत करता येत नाही. लार्किन यांचा एक हेजहॉग, ह्यूज यांचे एक कोकरू, लाँगली यांची एकवीस फुले यांच्यासमोर या सर्वव्यापी विलापिका फिक्या पडतात. याउलट रॉबर्ट मॅकफार्लेन आणि चित्रकार जॅकी मॉरिस यांच्या ‘द लॉस्ट वर्ड्स’ (२०१७) या मुलांच्या पुस्तकाने नेमके काम हाती घेतले. मुलांच्या एका प्रतिष्ठित शब्दकोशातून खंड्या, पाणमांजर अशा कितीतरी जीवांची नावे गळाली होती. त्यांनी त्या एकेका नावावर म्हणता येईल असे पद्य रचले.

या कवितेत शिरू पाहणाऱ्या मराठी वाचकाने पाठ्यपुस्तकी क्रमाच्या मागे लागू नये. लार्किन यांची ‘ओबाद’ आणि लाँगली यांची आइस्क्रीमवाल्याची कविता एकाच बैठकीत वाचावी, मग ह्यूज यांच्या शेतावरच्या नोंदी, आणि त्यानंतर ‘मेमोरियल’ पहिल्या नावापासून मोठ्याने. ऑस्वल्ड स्वतः आपल्या दीर्घ कविता हातात कागद न घेता, पाठ म्हणतात.